गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा : ‘कट्यार’ रंगमंचावरची आणि पडद्यावरची

‘संगीत कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे नाटक २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगमंचावर आले. त्याच नावाचा चित्रपट १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, दिवाळीच्या पाडव्याला प्रदर्शित झाला. दोहोंमध्ये जवळजवळ ४८ वर्षांचे अंतर आहे. गोष्ट तीच, घराण्यांचे भांडण तेच, काही पदेही तीच. मात्र रंगमंचावर जो गात होता तोच कथेतला गवई खाँसाहेब होता. पडद्यावर खाँसाहेबांचा चेहरा एका नटाचा आणि गळा दुसऱ्याच गायकाचा झाला. संगीत नाटकाचा चित्रपट होताना घडणाऱ्या बहुतेक बदलांचे मूळ या फारकतीत सापडते.

गाणारा नट

मराठी संगीत नाटकाची परंपरा गाणाऱ्या नटावर उभी राहिली. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा गाणे मुख्यत्वे सूत्रधाराकडे होते. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’मध्ये, १८८० साली पुण्यात, पदे पात्रांच्या तोंडी आली आणि नट निवडण्याची कसोटीच बदलली. दुष्यंत दिसायला राजबिंडा असून भागेना, तो सुरातही असावा लागे. पुढे बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांच्या काळात प्रेक्षक नाटक पाहायला जाण्याऐवजी ‘ऐकायला’ जाऊ लागले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. लोकांनी त्या काळात शंभर रुपयांपर्यंतचे तिकीट काढले, ते दोन गळे एका रंगमंचावर समोरासमोर ऐकण्यासाठी.

याच नाट्यसंगीताच्या जडणघडणीत मुसलमान उस्तादांचा मोठा वाटा होता. ‘स्वयंवर’च्या पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले हे फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकले होते. कोल्हापुरात अल्लादिया खाँ आणि मिरजेत अब्दुल करीम खाँ यांच्यामुळे मराठी कान दोन पिढ्या खयालावर पोसला गेला. ‘कट्यार’मधला पंडित आणि खाँसाहेब यांचा संघर्ष या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. नाटकातले भांडण कल्पित आहे, पण दोन गायकींची शेजारशेजारची वस्ती खरी होती.

बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचे दिवस पालटले. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’त संत एकनाथ होऊन पडद्यावर उभे राहिले. संगीत नाटकाला पुन्हा गर्दी दिसली ती १९६० नंतर. विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) आणि ‘मंदारमाला’ (१९६३), पाठोपाठ ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) ही नाटके आली. शेवटच्या दोन नाटकांचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते. ‘कट्यार’ या लाटेतले पुढचे नाटक.

तीन माणसे, तीन मुलूख

नाटकाची संहिता आणि पदे दारव्हेकरांची. दिग्दर्शनही त्यांचेच. ते नागपूरचे, ‘रंजन कला मंदिर’ या संस्थेचे संस्थापक, नाट्यवर्तुळात ‘मास्तर’ म्हणून ओळखले जाणारे. संगीत अभिषेकीबुवांचे. ते गोव्यातल्या मंगेशीचे. वडील कीर्तनकार, त्यामुळे पहिले संस्कार देवळातल्या गाण्याचे. निर्मिती ‘नाट्यसंपदा’ची, म्हणजे ‘तो मी नव्हेच’मधल्या लखोबा लोखंडेमुळे घराघरांत पोहोचलेल्या प्रभाकर पणशीकरांची.

खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले ही भूमिका वसंतराव देशपांडे यांच्याकडे आली. मूर्तिजापूरला १९२० मध्ये जन्मलेले वसंतराव तेव्हा ४७ वर्षांचे होते. लहानपणी भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये ते कृष्ण झाले होते. मोठेपणी आयुष्याची बरीच वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यातल्या नोकरीत गेली. नागपूरला शंकरराव सप्रे, पुढे लाहोरला असद अली खाँ अशी त्यांची तालीम; दीनानाथांच्या गाण्याचा ठसा वेगळाच. कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत न बसणारा हा गवई नाटकात घराण्याचा कडवा अभिमानी झाला.

पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर, सदाशिवच्या प्रसाद सावकार आणि झरीनाच्या फैयाज. या साऱ्यांना प्रयोगाच्या रात्री रंगमंचावर उभे राहून, ऑर्गन आणि तबल्याच्या साथीवर, तिथेच गायचे होते.

विश्रामपूरची गोष्ट

कथा विश्रामपूर नावाच्या काल्पनिक संस्थानात घडते. राजगायकाचे पद गायनाच्या स्पर्धेवर ठरते. जो जिंकेल त्याला राहायला हवेली आणि कमरेला कट्यार मिळते. त्या कट्यारीने राजगायकाला एक खून माफ आहे. वर्षानुवर्षे हा मान पंडित भानुशंकरांकडे राहिला. पंडितजी भर दरबारात गाऊ शकले नाहीत त्या वर्षी तो खाँसाहेबांकडे आला. पंडितजी निघून जातात. त्यांची मुलगी उमा आणि खाँसाहेबांची मुलगी झरीना यांच्यामध्ये तीच हवेली उभी राहते.

पंडितजींकडे शिकायचे म्हणून आलेल्या सदाशिवला गुरू सापडत नाही, सापडतात ते गुरूच्या जागी बसलेले खाँसाहेब. ते दुसऱ्या घराण्याच्या माणसाला विद्या देणार नाहीत. मग सदाशिव नोकराच्या वेशात हवेलीत शिरतो आणि भिंतीआडून, कामाच्या निमित्ताने, कानांनी तालीम घेतो. ही चोरी उघड झाली की कट्यार म्यानातून बाहेर येणार, हे प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असते. नाटकाचा ताण त्यावर तोललेला आहे. शेवटी खाँसाहेबांसमोर प्रश्न उरतो तो असा की, आपलेच गाणे परक्याच्या गळ्यातून आपल्याहून चांगले आले तर तो चोर की शिष्य?

हा प्रश्न संवादांतून मांडता येतो, पण पटतो तो कानाने. सदाशिवाच्या गळ्यात पंडितजींचे वळण आणि खाँसाहेबांची तान एकत्र आली आहे हे प्रेक्षकाला ऐकू आले नाही, तर शेवट नुसता सांगितल्यासारखा होतो. म्हणून ‘कट्यार’मध्ये गाणे कथेचा अलंकार राहत नाही. कथेतला पुरावा गाण्यानेच द्यायचा असतो.

एक पद, दोन चाली

हा पुरावा अभिषेकीबुवांनी कसा उभा केला याचे सर्वात स्वच्छ उदाहरण म्हणजे ‘घेई छंद मकरंद’. शब्द एकच, भुंगा आणि मकरंद यांचे साधे रूपक. त्याला चाली मात्र दोन. एक धानीत बांधलेली, दुसरी सालगवराळीत. सालगवराळी मूळ कर्नाटक संगीतातला राग; हिंदुस्थानी गायनात तो रुळवण्यात अभिषेकीबुवांचा हात मोठा. दोन घराण्यांतला फरक सांगायला नाटककाराला व्याख्यान द्यावे लागत नाही. एका चालीत शब्द नीट उभा राहतो आणि सूर त्याला धरून चालतो. दुसरीत शब्द निमित्त होतो आणि तान त्याच्यावरून झेपावत जाते. शास्त्रीय संगीत न शिकलेल्या प्रेक्षकालाही इतके कळते की हे दोघे एकच वाक्य बोलत आहेत आणि त्यांना म्हणायचे आहे ते वेगळे आहे.

‘या भवनातील गीत पुराणे’ हे पद खाँसाहेबांच्या विजयाचे. जुन्या राजगायकाच्या हवेलीत नवा राजगायक पाऊल ठेवतो आणि तिथल्या हवेलाच आता आपले गाणे ऐकवतो. ‘तेजोनिधी लोहगोल’ ही सूर्याची स्तुती. तिच्यातल्या जोडाक्षरांवरून तान फिरवताना गवयाचा दमसास कसाला लागतो. ‘सूरत पिया की’ हिंदी बंदिशीच्या वळणाचे. मराठी नाटकात हिंदी रचना, उर्दू वळणाचे मराठी आणि पंडिती मराठी अशा तीन भाषा दारव्हेकरांनी एकत्र नांदवल्या. दोन घराणी कानाला वेगळी ऐकू यावीत म्हणून त्यांची बोलीही वेगळी ठेवली.

वसंतरावांचे खाँसाहेब हे या नाटकाचे भाग्य होते आणि अडचणही. पद कुठे थांबणार हे संहितेत लिहिलेले असले तरी गवई रंगात आला की ते तिथे थांबत नसे. ‘वन्समोअर’ आला की प्रयोगाची वेळ लांबे. आज ऐकलेली तान उद्याच्या प्रयोगात त्याच जागी सापडेल याची खात्री नसे, आणि म्हणून तेच नाटक पुन्हा पुन्हा ऐकणारे प्रेक्षक होते. वसंतराव १९८३ मध्ये गेले. खाँसाहेबांच्या भूमिकेत नंतर जो उभा राहिला त्याला आधी वसंतरावांशी होणाऱ्या तुलनेला तोंड द्यावे लागले.

२०१० मध्ये नाटक नव्याने उभे राहिले. दिग्दर्शन सुबोध भावे यांचे. खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि सदाशिव झाले अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे. आजोबांची भूमिका नातवाकडे आणि संगीतकाराची पदे शिष्याकडे, अशी ही वाटणी होती. नाटकातला प्रश्नही वारसा रक्ताने मिळतो की तालमीने, हाच. दोघेही गवई, दोघांनी रंगमंचावर भूमिका केली आणि स्वतःच गायले.

फारकतीचा इतिहास

सुरुवातीच्या बोलपटांत नटाला कॅमेऱ्यासमोर खरोखर गावे लागे. वादक झाडाआड किंवा पडद्याआड बसत. १९३५ च्या सुमाराला कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये गाणे आधी ध्वनिमुद्रित करून नंतर त्यावर ओठ हलवण्याची पद्धत आली. पार्श्वगायन रुळले आणि गाणाऱ्या नटाची गरज संपली. यानंतर दिसणे एकाकडे आणि गाणे दुसऱ्याकडे गेले.

गवयांच्या गोष्टी सांगणाऱ्या हिंदी चित्रपटांनी ही सोय पुरेपूर वापरली. ‘बैजू बावरा’त (१९५२) शेवटच्या स्पर्धेत तानसेनाला उस्ताद अमीर खाँ यांचा आणि बैजूला द. वि. पलुसकरांचा आवाज आहे. ‘बसंत बहार’मध्ये (१९५६) मन्ना डे यांच्यासमोर भीमसेन जोशी गायले. परदेशातही हेच घडले. ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक १९५६ मध्ये न्यूयॉर्कला आले तेव्हा ज्यूली अँड्र्यूज स्वतः गात होती. १९६४ च्या चित्रपटात तिच्या जागी ऑड्री हेपबर्न आली आणि बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात भरली गेली.

मराठीत या पद्धतीची मोठी परीक्षा २०११ मध्ये झाली. रवी जाधव दिग्दर्शित ‘बालगंधर्व’मध्ये शीर्षक भूमिका सुबोध भावे यांची आणि आवाज आनंद भाटे यांचा. ज्या नटाची सारी ओळख गळ्यावर होती त्याचा चरित्रपट उसन्या गळ्यावर उभा राहिला आणि लोकांनी तो मानला. भाटे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कट्यार’चा चित्रपट करण्याचा मार्ग या अनुभवाने मोकळा झाला.

पडद्यावरची ‘कट्यार’

चित्रपटाचे दिग्दर्शन सुबोध भावे यांनीच केले. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिला चित्रपट. पटकथा प्रकाश कपाडिया यांची, छायाचित्रण सुधीर पळसाने यांचे. नवे संगीत शंकर-एहसान-लॉय यांचे; अभिषेकीबुवांची निवडक पदे कायम ठेवली. प्रदर्शनाच्या दिवशीच ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ आणि सलमान खानचा ‘प्रेम रतन धन पायो’ हे चित्रपटही लागले होते. शास्त्रीय गायनावरचा चित्रपट दिवाळीच्या गर्दीत या दोघांसमोर उतरला आणि टिकला.

पात्रयोजना पाहिली की फारकत किती नेमकी झाली ते दिसते. खाँसाहेब सचिन पिळगावकर, गळा राहुल देशपांडे यांचा. सदाशिव स्वतः सुबोध भावे, गळा महेश काळे यांचा. म्हणजे २०१० च्या प्रयोगात रंगमंचावर उभे असलेले दोघे गवई आवाजाने चित्रपटात आले आणि चेहऱ्याने बाहेर राहिले. अपवाद एकच, पंडित भानुशंकर. ती भूमिका शंकर महादेवन यांनी केली, पदेही त्यांनीच गायली. अभिनयाचा अनुभव नसलेला गायक आणि गवई नसलेला नट अशा दोन टोकांची माणसे स्पर्धेच्या प्रसंगात समोरासमोर बसलेली दिसतात. महादेवन यांच्या चेहऱ्यावर अभिनयाचे कसब कमी आहे, पण सूर लावताना मानेची शीर, भुवई आणि हात खऱ्या गवयासारखे हलतात. पिळगावकरांनी उलट बाजूने मेहनत केली. तानेचा दाणा कुठे पडतो, श्वास कुठे घ्यायचा, समेवर नजर कुठे जाते, हे सारे नटाच्या नजरेने टिपून त्यांनी अंगात आणले. उमा मृण्मयी देशपांडे, झरीना अमृता खानविलकर, कविराज बांकेबिहारी पुष्कर श्रोत्री.

काय वाढले, काय आटले

नाटकात जे मागच्या काळात राहते किंवा बोलण्यातून कळते ते चित्रपटाने समोर घडवले. पंडितजी मिरजेला जातात, दर्ग्यातून येणारा एक आवाज ऐकून थबकतात आणि त्या अनोळखी गवयाला विश्रामपूरला बोलावतात. अब्दुल करीम खाँ यांच्यामुळे मिरजेचा दर्गा गाणाऱ्यांचे तीर्थ झाला आहे, त्यामुळे हे गाव मराठी श्रोत्याला स्वाभाविक वाटते. या एका प्रसंगाने वैराच्या आधी मैत्री आली. पुढचा पराभव आणि मत्सर त्यामुळे माणसाच्या पातळीवर उतरले.

खाँसाहेबांची पत्नी नबिला हिला साक्षी तंवर यांच्या रूपाने ठळक जागा मिळाली. नवऱ्याचा सततचा पराभव पाहवत नाही म्हणून ती पंडितजींना शेंदूर खाऊ घालते आणि त्यांचा आवाज जातो. प्रतिस्पर्ध्याला शेंदूर चारल्याच्या आख्यायिका गवयांच्या जगात जुन्या आहेत. शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. ते विषारी असतेच. पडद्यावर हा लाल रंग पूजेच्या तबकातला आणि विषाच्या वाटीतला असे दोन अर्थ घेऊन येतो, आणि तो जवळून दाखवणे कॅमेऱ्यालाच जमते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नाट्यगृहात वाटीतला रंग दिसत नाही.

कथा कोण सांगते हेही बदलले. चित्रपटात कट्यारच बोलते, रीमा लागू यांच्या आवाजात. मूळ शीर्षकात जिचे नाव आहे ती वस्तू साक्षीदार झाली, त्यामुळे काळाच्या उड्या सोप्या झाल्या.

आटला तो गाण्याचा वेळ. नाट्यपद रंगमंचावर गवयाच्या मर्जीने वाढत असे. चित्रपटात प्रत्येक गाण्याची मिनिटे संकलनाच्या टेबलावर ठरलेली. आलापाला जागा कमी, तान मोजकी, आणि एका गाण्यात दोन-चार प्रसंगही उरकायचे. जी गोष्ट वसंतराव अर्ध्या तासाच्या गाण्यातून सांगत, ती चित्रपटाला पूर्वकथा, नजरानजर आणि जवळचे दृश्य वापरून सांगावी लागली. कथानक वाढले त्याचे कारण या आटलेल्या गाण्यात आहे. कानाकडून जो पुरावा काढून घेतला तो डोळ्यांकडे द्यावा लागला.

नव्या गाण्यांनीही वेगळे काम केले. ‘सूर निरागस हो’ हे गणेशस्तवन जुन्या नांदीच्या जागी बसते, पण वाद्यमेळ आजचा. ‘दिल की तपिश’ राहुल देशपांडे यांच्या आवाजात खाँसाहेबांच्या मनातली धग मांडते. ‘यार इलाही’ कव्वाली आहे. ‘घेई छंद’ चित्रपटातही दोन्ही घराण्यांच्या गळ्यातून येते, शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांच्या. जुनी पदे आणि नवी गाणी यांतला सांधा काही ठिकाणी जाणवतो. जुनी पदे एका गळ्यासाठी बांधलेली आहेत. नवी गाणी तालवाद्ये आणि समूहस्वर यांना धरून रचलेली.

सदाशिवच्या तोंडचे ‘अरुणी किरणी’ महेश काळे यांनी गायले आणि ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा मान मिळाला. संगीत नाटकात हा पुरस्कार देताच आला नसता. तिथे गायक पडद्यामागे नसतो.

डोंगरकड्यापर्यंतची वाट

संगीत नाटकाचा नकाशा नाट्यगृहांनी ठरवला. मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूर, गोवा, नागपूर ही त्याची ठाणी. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि या नकाशाच्या कडेला राहिला. मोठ्या गावांपर्यंत कंपन्या येत; त्यापुढे नाही.

त्यापुढच्या अशा गावांपैकी एक डोंगरकडा. हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे गाव. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. केळी आणि हळदीचा हा पट्टा. अशा गावात नाट्यगृह नसते. संगीत नाटकाचा प्रयोग पाहायचा तर नांदेड गाठायचे, तेही प्रयोग तिथवर आला तर. रात्री उशिरा सुटणाऱ्या नाटकानंतर परतीची एसटी नसते. ‘कट्यार’ या भागातल्या बहुतेकांपर्यंत आधी आकाशवाणीवरच्या आणि ध्वनिफितींवरच्या पदांमधून, आणि पूर्ण गोष्ट म्हणून २०१५ नंतर चित्रपटातून, दूरचित्रवाणीच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर पोहोचली. पुण्याच्या श्रोत्याला चित्रपट नाटकाच्या तुलनेत दिसला. इथल्या प्रेक्षकासाठी चित्रपट हीच पहिली ‘कट्यार’.

पण ती अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते. एक तर भाषा. निजामी राजवटीत उर्दू ही राजभाषा होती. जमिनीच्या कागदांपासून कचेरीतल्या बोलण्यापर्यंत तिचे शब्द या भागात मुरले. खाँसाहेबांच्या तोंडची उर्दू मिसळलेली मराठी मराठवाड्याच्या कानाला परकी लागत नाही.

दुसरे, कान तयार असणे. कीर्तनाची परंपरा ज्यांच्यापासून सांगितली जाते त्या संत नामदेवांचे नरसी नामदेव याच जिल्ह्यात आहे. हरिनाम सप्ताह हा इथल्या गावांचा वार्षिक गायनोत्सव. मंडपात पेटी, मृदंग आणि टाळकऱ्यांच्या दोन रांगा. मध्ये उभा कीर्तनकार. तो अभंगाचे एक चरण धरतो, चाल लावतो, टाळकरी ते उचलतात आणि दुसऱ्या फेरीला तेच चरण वेगळ्या चालीत येते. श्रोते दोन हात अंतरावर मांडी घालून बसलेले. एकाच शब्दाला दोन चाली लावल्या की अर्थ सरकतो, हे ‘घेई छंद’ने नाट्यगृहात दाखवले ते सप्ताहाचा श्रोता लहानपणापासून ऐकत आलेला असतो. अभिषेकीबुवांचे वडीलही कीर्तनकार होते, त्यामुळे हे नाते केवळ साम्याचे नाही. नाट्यपद आणि कीर्तनातली चाल एकाच देवळाच्या ओसरीवरून निघाल्या.

या श्रोत्याला फारकतही चटकन कळते. सप्ताहात, जत्रेतल्या तमाशात, गोंधळ्याच्या संबळापुढे गाणारा माणूस समोर असतो. त्याचा घसा बसला तर ते दिसते, सूर चुकला तर टाळकरी सावरून घेतात. पडद्यावरच्या खाँसाहेबांचा घसा कधी बसत नाही. त्या बिनचूक आवाजाचे कौतुक वाटते, आणि तो त्या चेहऱ्याचा नाही हे ठाऊकही असते.

चित्रपटानंतर

या चित्रपटाने संगीत नाटकांच्या रूपांतराला बाजार आहे हे दाखवले. सुबोध भावे यांनी पुढे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९११ च्या ‘मानापमान’वरून ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट केला. तो १० जानेवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. संगीत पुन्हा शंकर-एहसान-लॉय यांचे. ‘कट्यार’ची कथा गाण्याबद्दलच होती, म्हणून तिथे प्रत्येक गाण्याला कथेत काम होते. ‘मानापमान’ची कथा शौर्य, पैसा आणि मानापमान यांची आहे; गाणे तिथे नाटकाच्या रीतीने येते. चित्रपटात ती रीत उरत नाही, त्यामुळे गाण्यासाठी निमित्त शोधावे लागते. दोन रूपांतरांतला फरक मुळात दोन नाटकांतला आहे.

मधल्या काळात, १ एप्रिल २०२२ रोजी, निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘मी वसंतराव’ आला. वसंतरावांची भूमिका राहुल देशपांडे यांनी केली आणि गायनही त्यांनीच केले. त्यांना ६८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा पुरस्कार मिळाला. आनंद भाटे, महेश काळे आणि राहुल देशपांडे यांचे तिन्ही पुरस्कार मराठी संगीत रंगभूमीशी जोडलेल्या चित्रपटांसाठीचे. पहिल्या दोघांचे आवाज पडद्यावर सुबोध भावे यांच्या चेहऱ्यावरून ऐकू आले. तिसऱ्या वेळी पुरस्कार पार्श्वगायनाचाच होता, पण गाणारा चेहरा स्वतः गवयाचा होता. ‘कट्यार’च्या चित्रपटात ज्या नातवाचा फक्त आवाज होता तो आजोबांच्या भूमिकेत सदेह दिसला, आणि १९६७ च्या रंगमंचावर गळा आणि चेहरा जसे एका माणसात होते तसे ते पडद्यावर पुन्हा एकत्र आले.